डर्बीशरचे घर, कलकत्त्याचा महाल

१८९९ सालच्या जानेवारीत लॉर्ड कर्झन हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होऊन कलकत्त्यास आला. वय अवघे चाळीस. सरकारी निवासस्थानात, म्हणजे त्या वेळच्या गव्हर्नमेंट हाउसात, त्याने पाऊल टाकले तेव्हा नव्या माणसाला मोठ्या घरात जशी चुकल्यासारखी अवस्था होते, तशी त्याची झाली नसावी. मधली भव्य इमारत, तिच्या कोपऱ्यांतून निघालेल्या वाकड्या ओसऱ्या आणि प्रत्येक ओसरीच्या टोकाला एक स्वतंत्र बंगला, ही मांडणी त्याला लहानपणापासून पाठ होती. कारण हे घर त्याच्याच घरावरून बेतलेले होते. इंग्लंडातल्या डर्बीशर परगण्यात, डर्बी शहरापासून चार-पाच मैलांवर केडलस्टन नावाचे जे कर्झन घराण्याचे घर आहे, त्याचा नकाशा समोर ठेवून शंभर वर्षांपूर्वी कलकत्त्याचा हा महाल उठवला होता. १८८७ साली कर्झन प्रवासी म्हणून इथे आला होता. एक दिवस आपण या घरात राहायला यावे अशी इच्छा मनात धरायला हे साम्यही कारण झाले, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे.

आता घरावरून घर बांधणे यात नवल ते काय, असे तुम्ही म्हणाल. आपल्याकडेही एकाचा वाडा बघून दुसरा आपला वाडा बांधतो. पण या जोडीत एक गंमत आहे. केडलस्टनला चार हात असायचे होते, प्रत्यक्षात दोनच झाले. कलकत्त्याला मात्र चारही झाले. मूळ घर अर्धेमुर्धे राहिले आणि नक्कल पुरी झाली! हे कसे घडले ते समजायचे तर आधी मूळ घर नीट पाहिले पाहिजे.

इंग्लंडातल्या बड्या जमीनदाराचे खेड्यातले घर म्हणजे काय, हे आपल्या वाड्याच्या उलट बाजूने लवकर कळते. आपला वाडा बाहेरून भिंत दाखवतो. दिंडी दरवाजा, त्यातून आत गेले की चौक, चौकाभोवती सोपा, माजघर, वर माडी. घराचे तोंड आत. इंग्रज सरदाराच्या या घराला चौक नाही. त्याचे तोंड चारी बाजूंनी बाहेर, आणि नजर पोचेल तिथवर दुसऱ्या कोणाचे काही दिसता कामा नये अशी बेतणी. घर एखाद्या टेकाडाच्या उतारावर, पुढे हिरवळ, हिरवळीपलीकडे पाणी, पाण्यापलीकडे झाडी. हे सगळे निसर्गाने दिले आहे असे वाटावे, पण त्यातले बरेचसे माणसाने खणून, बुजवून, लावून तयार केलेले.

केडलस्टनला कर्झन मंडळी बाराव्या शतकापासून आहेत. १७५८ साली सर नथॅनिएल कर्झन याच्या हाती इस्टेट आली. वय बत्तिशीच्या आतबाहेर. वडिलार्जित घर लाल विटांचे होते, ते बांधून जेमतेम साठ वर्षे झाली असतील. पण त्याच डर्बीशरात डेव्हनशरच्या ड्यूकचे चॅट्सवर्थ होते. ड्यूक व्हिग पक्षाचा आणि कर्झन टोरी. शेजाऱ्याच्या माडीवर आपली माडी चढवण्याची हौस आपल्याला अपरिचित नाही. नथॅनिएलने चांगले धडधाकट घर पाडले आणि नव्याला हात घातला. १७६१ मध्ये त्याला लॉर्ड स्कार्सडेल ही पदवी मिळाली. म्हणजे घर आणि पदवी दोन्ही एकदमच वर चढत होती.

घर पाडले, तसे गावही हलवले. केडलस्टनचे खेडे या घराच्या अगदी उशाशी होते. ते उठवून अर्ध्या मैलावर नेले. गाड्यांचा हमरस्ता घराजवळून जायचा, तोही दूर वळवला. एक लहानसा ओढा होता, त्याला बांध घालून त्याचे लांबलचक तळे केले आणि त्यावर तीन कमानींचा दगडी पूल घातला. खेड्यातली एकच वस्तू जागच्या जागी राहिली : देऊळ. बाराव्या शतकातला दरवाजा असलेले ते ख्रिस्ती मंदिर हलवणे परवडण्यासारखे नव्हते; शिवाय घराण्याच्या साऱ्या पूर्वजांच्या समाध्या त्यात. म्हणून आजही ते चर्च घराच्या अंगाला चिकटून उभे आहे, ज्यांच्यासाठी बांधले ती वस्ती आसपास नसताना. गाव उठवताना गावकऱ्यांना काय वाटले, ते कोणी विचारले असेल असे दिसत नाही. घराचे चित्र पाहताना ही जागा आधी लक्षात ठेवावी असे मला वाटते, कारण पुढे कलकत्त्याला हाच खेळ पुन्हा दिसायचा आहे.

वास्तुशिल्पी एकापाठोपाठ एक तीन झाले. पहिला मॅथ्यू ब्रेटिंगहॅम. त्याने मूळ कल्पना आणली ती इटलीतून. सोळाव्या शतकात पॅलाडिओ नावाचा एक मोठा वास्तुकार व्हेनिसच्या मुलखात होऊन गेला. १५७० साली त्याने आपल्या शास्त्रावर ग्रंथ छापला, आणि दोनशे वर्षे इंग्रज सरदार आणि त्यांचे कारागीर त्याच ग्रंथाची पारायणे करीत होते. पॅलाडिओने मोचेनिगो नावाच्या एका घराण्यासाठी आखलेला बंगला असाच होता : मध्ये मुख्य घर आणि चार कोपऱ्यांतून चार वाकड्या ओसऱ्या, खेकड्याच्या नांग्यांसारख्या. तो बंगला पॅलाडिओच्या हातून पुरा उभा राहिला नाही. तेव्हा केडलस्टनचा नमुनाही मुळात कागदावरचाच होता, हे ध्यानात घ्या.

ब्रेटिंगहॅमने १७५९ मध्ये ईशान्येकडचा हात, म्हणजे कुटुंबाच्या राहण्याचा भाग, उभा केला. मग काम गेले जेम्स पेनकडे. त्याने वायव्येचा हात म्हणजे मुदपाकखाना बांधला आणि मधल्या घराची उत्तरेकडची दर्शनी बाजू आखली. एवढ्यात इटलीहून एक तरुण स्कॉच माणूस परत आला होता. त्याचे नाव रॉबर्ट ॲडम. रोमच्या जुन्या अवशेषांत तो वर्षानुवर्षे मोजमापे घेत हिंडला होता. ॲड्रियाटिक समुद्राच्या काठी डायोक्लिशन बादशहाचा पडका राजवाडाही त्याने १७५७ मध्ये जाऊन मोजला होता. नथॅनिएलने त्याची रेखाटने पाहिली आणि तो भारून गेला. आधी त्याने ॲडमला बागेतल्या लहानसहान इमारतींचे काम दिले. पण उंटाला तंबूत मान घालू दिल्यावर पुढे काय होते ते ठाऊकच आहे. १७६० पर्यंत सगळे घर ॲडमच्या हाती गेले.

चला, आता उत्तरेकडून घरात शिरू. समोरची लांबी दोन्ही हात धरून साडेतीनशे फुटांच्या घरात. मधोमध सहा उंच खांबांची दर्शनी पडवी, तिच्यावर त्रिकोणी माथा. एखाद्या रोमन देवळासारखी. खांब तळमजल्यावरून निघत नाहीत. तळमजला ओबडधोबड दगडी चिऱ्यांचा, बुटका; तो नोकराचाकरांचा आणि रोजच्या ये-जा करण्याचा. खरे घर त्याच्या वर. म्हणून बाहेरून दोन्ही बाजूंनी जिने चढून पाहुणा एकदम वरच्या मजल्यावर, खांबांच्या मधे येतो. येताना त्याला पायरी-पायरीने आपण लहान आहोत असे वाटले पाहिजे, अशीच योजना आहे.

दार उघडले की संगमरवरी दिवाणखाना. इंग्रजीत त्याला मार्बल हॉल म्हणतात, पण त्याची खरी शोभा संगमरवराची नाही. सुमारे ६७ फूट लांब आणि ४० फूट उंच अशा या दालनात दोन्ही बाजूंना मिळून वीस खांब आहेत. एकेक पंचवीस फूट उंच, आणि अलाबास्टरचा. हा मऊ जातीचा, गुलाबी झाक असलेला दगड. त्यात तांबूस-हिरवट शिरा असतात, कच्चे मांस कापावे तशा. तो शेजारच्या नॉटिंगहॅमशर परगण्यातून आणला. म्हणजे रूप रोमचे आणि दगड घरचा. खांब आधी गुळगुळीतच उभे केले होते. पुढे कित्येक वर्षांनी ते तसेच उभे ठेवून त्यांवर उभ्या पन्हळी कोरल्या. पाथरवट परातीवर बसून पंचवीस फूट खाली-वर छिन्नी चालवतो आहे, आणि एक ठोका चुकला तर सगळा खांब वाया! मला त्या अनामिक पाथरवटांचे कौतुक ॲडमपेक्षा काकणभर अधिकच वाटते.

या दालनाला बाजूंच्या भिंतींत खिडक्याच नाहीत. उजेड येतो तो छतातल्या झरोक्यांतून, वरून. रोमन घराच्या मधल्या उघड्या चौकात जसा येई तसा. ॲडमच्या मनात तेच होते. एका अर्थी इंग्रजाने आपल्या घरात चौक आणला, फक्त त्यावर छप्पर घातले. इंग्लंडचा पाऊस बघता दुसरा इलाज नव्हता.

दिवाणखान्यातून सरळ पुढे गेले की गोल दालन लागते, त्याला सलून म्हणतात. (आपल्याकडे सलून म्हटले की न्हाव्याचे दुकान आठवते, त्याला माझा इलाज नाही.) ही खोली पूर्ण वर्तुळाकार, आणि वर घुमट. घुमटाच्या माथ्यापर्यंत उंची ६२ फूट. घुमटाला आतून खण पाडलेले आणि मध्यावर उजेडासाठी गोल डोळा. रोममधल्या पँथिऑन मंदिराची ही धाकटी आवृत्ती. आरंभी ही जागा पुतळ्यांसाठी होती, पुढे नाचासाठी वापरू लागले. एवढ्या उंच गोल खोलीत हिवाळ्यात ऊब कशी राहणार? कोनाड्यांत ओतीव लोखंडाच्या शेगड्या ठेवल्या आहेत. पण शेगडी शेगडीसारखी दिसेल तर सगळी शोभा गेली. म्हणून त्यांना रोमन यज्ञवेदीचे रूप दिले आहे. पाहुण्याने वेदीपुढे उभे राहून हात शेकावेत!

याच घुमटाची बाहेरची बाजू म्हणजे घराचे दक्षिणेकडचे तोंड, आणि ते सर्वस्वी ॲडमचे. उत्तरेकडे पेनने देऊळ उभे केले होते; दक्षिणेकडे ॲडमने रोममधली कॉन्स्टंटाइन बादशहाची विजय-कमान घरालाच आणून लावली. भिंतीपुढे सुटे उभे असलेले चार खांब, प्रत्येकाच्या डोक्यावर पुतळा, मागे बसका घुमट, आणि खाली दोन्ही अंगांनी वळत उतरणारा जिना. ॲडमचे म्हणणे असे की इमारतीत हालचाल दिसली पाहिजे. काही पुढे यावे, काही मागे सरावे, काही उठावे, काही बसावे, डोंगर-दऱ्यांत असते तसे. या एका भिंतीत ते त्याला साधले आहे. या दर्शनी भागावर लॅटिनमध्ये १७६५ हे साल आणि धन्याचे नाव कोरून पुढे लिहिले आहे की हे घर मित्रांसाठी आणि स्वतःसाठी. क्रम बघा : आधी मित्र, मग स्वतः.

हा क्रम खराही होता. कारण या मधल्या प्रचंड घरात लॉर्ड स्कार्सडेल राहतच नव्हता. दिवाणखाना, घुमटाची खोली, संगीताची खोली, चित्रांची बैठक, ग्रंथालय, जेवणाचे दालन, आणि खांबांच्या जागी कोरीव ताडाची झाडे असलेल्या पलंगाची शाही शय्यागृहे हे सगळे पाहुण्यांसाठी आणि पाहण्यासाठी. कुटुंब राहायचे ईशान्येच्या हातात, साध्याशा उंचीच्या खोल्यांत. आणि जेवण शिजायचे वायव्येच्या हातात, मधली सगळी शोभा ओलांडून पलीकडे. त्या मुदपाकखान्यात चुलाण्यावर एक वाक्य कोरले आहे. त्याचा आपल्या भाषेतला अर्थ, वाया घालवू नका म्हणजे उणे पडणार नाही. स्वयंपाकिणीला हा उपदेश करणाऱ्या धन्याला शेवटी स्वतःलाच उणे पडले, हे पुढे दिसेल.

घर पुरे व्हायच्या आधीच ते पाहायला लोक येऊ लागले. १७६९ साली तर चित्रांची आणि मूर्तींची छापील यादी निघाली. घराची कारभारीण गार्नेटबाई पाहुण्यांना यादी हातात घेऊन सगळे समजावून सांगे. तिचे एक चित्रही घरात आहे. त्यात ती पुस्तिका घेऊन, चला दाखवते, अशा थाटात उभी आहे. घराच्या मालकांच्या तसबिरी पुष्कळ आहेत, पण नोकरमाणसाचे इतके जिवंत चित्र क्वचितच काढले जाते.

या पाहुण्यांत इंग्रजीचा कोशकार डॉक्टर जॉन्सन होता. तो १७७४ साली आला, तेव्हा त्याने रोजनिशीत लिहिले की निजायच्या खोल्या लहान, बुटक्या आणि अंधाऱ्या आहेत, भपकेदार घरापेक्षा तुरुंगालाच शोभतील. स्वयंपाकघराचा धूर आणि उष्मा घरभर पसरतो. एकंदरीत खर्च पुष्कळ, अक्कल कमी. १७७७ मध्ये तो आपला शिष्य बॉझवेल याला घेऊन पुन्हा आला. बॉझवेल बिचारा भारावून गेला, या सगळ्याचा धनी किती सुखी असेल असे म्हणू लागला. जॉन्सनने उत्तर दिले की यामुळे एकच दुःख टळते, दारिद्र्याचे. आणि पुढे म्हणाला की या इमारतीचे नगरभवन छान होईल. खांबांच्या दालनात न्यायाधीश बसतील, गोल खोलीत पंच, आणि वरच्या खोल्यांत कैदी! म्हातारा फटकळ खरा. पण त्याने एक गोष्ट अचूक हेरली होती : हे राहण्याचे घर नव्हते, दरबार भरवण्याची जागा होती. मात्र तिथे भरवायला दरबार नव्हता. डर्बीशरच्या एका लॉर्डापाशी विजय-कमान होती, पण विजय कुठला?

दक्षिणेचे दोन हात राहून गेले. एकात संगीताचे मोठे दालन यायचे होते, दुसऱ्यात काचेच्या घरातली झाडे आणि प्रार्थनामंदिर. पाया घालण्याआधीच पैशाचा जोर ओसरला. पण कागदावर घर पुरे होते. जेम्स पेनने १७८३ साली आपल्या कामांचा जो ग्रंथ छापला त्यात केडलस्टन चारही हातांनिशी दाखवले आहे. छापील नकाशा ही फार चमत्कारिक वस्तू आहे. बांधलेले घर हलत नाही, पण कागद जहाजात बसून कुठेही जातो.

तो कलकत्त्याला कसा पोचला, याचा माग फार दूरचा नाही. ॲडमच्या हाताखाली केडलस्टनच्या कामावर देखरेख करणारा माणूस होता सॅम्युएल वायट, सुतारकामातून वर आलेला. त्याच वायट घराण्यातला चार्ल्स वायट हा कंपनी सरकारच्या बंगालच्या इंजिनिअर पथकात कॅप्टन होता. १७९८ मध्ये लॉर्ड वेलस्ली गव्हर्नर जनरल होऊन आला. त्याला कलकत्त्यातले जुने निवासस्थान अगदीच व्यापाऱ्याच्या पेढीसारखे वाटले. त्याने कंपनीच्या संचालकांना न विचारताच नव्या महालाचा बेत केला आणि वायटचा नकाशा मंजूर केला. १७९९ च्या फेब्रुवारीत पायाचा दगड बसला. जागेसाठी जुने गव्हर्नमेंट हाउस, कौन्सिलची इमारत आणि आसपासच्या नव्यानेच बांधलेल्या सोळा हवेल्या भुईसपाट केल्या. केडलस्टनला खेडे उठले होते, इथे पेठ उठली.

सालांकडे जरा नीट बघा. दगड बसला आणि तीनच महिन्यांनी, मे १७९९ मध्ये, श्रीरंगपट्टण पडून टिपू मारला गेला. भिंती वर येत गेल्या आणि १८०२ च्या ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीराव पेशव्याने वसईच्या तहावर सही केली. त्या तहाची शाई वाळते न वाळते तोच, १८०३ च्या जानेवारीत, कलकत्त्याच्या या महालात दिव्यांच्या रोषणाईत पहिला मोठा समारंभ झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला गेला, २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली, डिसेंबरात गाविलगड पडला. दख्खनमधल्या त्या फौजेचा सेनापती या महालाच्या धन्याचा सख्खा भाऊ, आर्थर वेलस्ली. केडलस्टनच्या कमानीला जो विजय मिळाला नव्हता तो इथे मिळाला, आणि तो आपल्या अंगणातून नेलेला होता. म्हणून मराठी वाचकाला हे घर परके नाही. ज्या हुकुमांनी पुण्याची गादी मोडली, ते याच घरातून निघत.

वायटने नक्कल केली, पण डोळे मिटून नव्हे. केडलस्टनचे तोंड दगडी, इथे बंगालच्या मातीत दगड कुठला? सगळी इमारत विटांची आणि वर चुन्याचा गिलावा. आतले खांबही चुन्याचेच, शंखासारखे घोटून घोटून पांढरे केलेले. दुरून संगमरवर वाटावेत. केडलस्टनच्या तळमजल्यावर एक दालन रोमच्या सीझरांच्या नावाचे आहे. इथे दिवाणखान्यातच बारा सीझरांचे अर्धपुतळे मांडले. फाटकांच्या सिंहांच्या कमानी ॲडमच्याच दुसऱ्या एका घरावरून, लंडनजवळच्या सायन हाउसवरून, उचलल्या. दक्षिणेकडे विजय-कमान नाही, तिच्या जागी खांबांची अर्धगोल पडवी; उन्हाच्या देशात सावली हवी, कमानीचे काय करायचे? घुमट तर आधी नव्हताच, तो १८१४ साली बसवला, आणि तोही लाकडी, आत ज्याच्याखाली काहीच नाही असा. नुसता डोक्यावरचा मुगुट.

आणि चार हात. डर्बीशरला ते ऐश्वर्याचे लक्षण होते. कलकत्त्याला ते वाऱ्याचे यंत्र ठरले. चार कोपऱ्यांत पसरलेल्या या घरात कुठूनही झुळूक आली तरी कोणत्या ना कोणत्या खोलीला ती मिळतेच. थंड देशात ज्या लांब ओसऱ्यांतून हुडहुडी भरत जावे लागे, त्याच उष्ण देशात सुखाच्या झाल्या. एखादी कल्पना तिच्या जन्मगावी नव्हे तर परक्या हवेत शहाणपणाची ठरते, त्याचा हा नमुना. त्याचे श्रेय वायटला दिलेच पाहिजे, मालक कोणीही असो.

खर्च मात्र केडलस्टनसारखा अडला नाही. तिथे एका जमीनदाराची मिळकत होती, इथे बंगालचा वसूल. नुसत्या इमारतीलाच ६३ हजार पौंडांहून अधिक लागले. जागा, सामानसुमान आणि रस्ते धरले तर आकडा दीड लाखाच्या पुढे जातो. लंडनमधले संचालक संतापले. १८०५ मध्ये वेलस्लीला परतावे लागले त्याला लढायांचा खर्च कारण होता तसा या महालाचाही हातभार लागला. पण घर तोवर पुरे झाले होते, आणि पाडा असे काही कोणी म्हटले नाही.

एक उणीव राहिलीच. या एवढ्या महालात स्वयंपाकघर नव्हते! चारी हात दरबाराच्या, कौन्सिलच्या, राहण्याच्या आणि पाहुण्यांच्या कामी आले. चूल बाहेर, आवाराच्याही पलीकडे, दोनएकशे यार्डांवर गेली. जेवण तिथून डोल्यांत घालून वाहून आणीत. १८८४ ते ८८ या काळातल्या व्हाइसरॉयची बायको लेडी डफरिन हिने लिहिले आहे की स्वयंपाकघर कलकत्त्यात कुठेतरी आहे, पण या घरात नाही. केडलस्टनच्या धुराला जॉन्सन कंटाळला होता. इथे धुराचा प्रश्न उरला नाही, पण सूप निवून येत असे.

कर्झनने सात वर्षे या घरात आणि सिमल्यात मिळून काढली. १९०४ साली प्राचीन इमारतींच्या रक्षणाचा कायदा त्याच्याच कारकिर्दीत झाला; पडक्या दगडांची किंमत जाणणाऱ्या घरात तो वाढला होता. १९०५ च्या ऑक्टोबरात बंगालची फाळणीही त्यानेच केली. दोन्ही गोष्टी एकाच हातच्या. १९०६ मध्ये त्याची पत्नी मेरी वारली. तिच्यासाठी त्याने केडलस्टनच्या त्या जुन्या, गाव नसलेल्या चर्चला एक नवे दालन जोडले आणि तिची संगमरवरी मूर्ती तिथे निजवली. १९१६ साली वडिलांमागे इस्टेट त्याच्याकडे आली. १९२५ मध्ये तो गेला आणि त्याच समाधीत तिच्या शेजारी विसावला. त्याच वर्षी त्याचा व्हाइसरॉयांवरचा आणि त्यांच्या वाड्यांवरचा मोठा ग्रंथ निघाला. दोन घरांत साम्य किती आणि फरक किती, याचा जमाखर्च त्यात त्याने बारकाईने मांडला आहे. केडलस्टनच्या तळमजल्यावर त्याने हिंदुस्थानातून आणि आशियातून नेलेल्या वस्तूंचे संग्रहालय आहे. मेरीचा १९०३ च्या दिल्ली दरबारातला मोरपिसांच्या नक्षीचा झगाही त्याच घरात आहे. त्यावरची जर दिल्लीच्या कारागिरांनी भरलेली आणि प्रत्येक पिसाच्या डोळ्यात हिरव्या भुंग्याचे पंख टाचलेले.

कलकत्त्याची राजधानी १९११ साली दिल्लीला हलवायचे जाहीर झाले, आणि महाल बंगालच्या गव्हर्नराकडे आला. १५ ऑगस्ट १९४७ ला चक्रवर्ती राजगोपालाचारी पश्चिम बंगालचे पहिले राज्यपाल म्हणून इथे आले. त्या दिवशी लोकांची अशी झुंबड उडाली की रखवालदार बाजूला राहिले आणि माणसे थेट दालनांत शिरली. ज्या जिन्यांवरून आजवर निमंत्रणाशिवाय कोणी चढले नव्हते त्यांवर अनवाणी पायांची गर्दी झाली. घर आजही पश्चिम बंगालच्या राज्यपालांच्या निवासाचेच आहे.

केडलस्टन १९८७ मध्ये नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे सोपवले गेले. कर्झन घराण्याच्या राहण्याची सोय अजून त्या ईशान्येच्या हातातच ठेवलेली आहे, आणि मधले घर तिकीट काढून पाहता येते. तेव्हा जॉन्सनने सुचवल्याप्रमाणे नसले तरी ते सार्वजनिक झाले आहेच. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला गेलात तर दिवाणखान्यातल्या खांबांपुढे उभे राहालच, ते सांगायला नको. पण मग दक्षिणेच्या वळणाच्या जिन्याने खाली उतरा, हिरवळीवर शंभर पावले चाला आणि मागे वळून बघा. मध्ये कॉन्स्टंटाइनची कमान, आणि डावी-उजवीकडे जिथे दोन हात पुढे यायचे होते तिथे नुसते गवत आहे.